शर्मिष्ठेचे पाच तारे

लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहिताना गाण्यांविषयी लिहिले जाते, गायकांविषयी लिहिले जाते. करारपत्रांविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. दक्षिण कोरियातील तरुण गायकांच्या वृंदांचा इतिहास करारपत्र बाजूस ठेवून लिहिता येणार नाही, असे आमचे मत आहे. कोणत्या वृंदात आरंभी किती जण होते, कोण केव्हा बाहेर पडले, मागे किती उरले, उरलेल्यांनी कोणते नाव लावले, ह्या याद्या त्या वृंदांच्या चाहत्यांना मुखोद्गत असतात. बाहेरच्या माणसास हा पोरकटपणा वाटतो. परंतु ह्या याद्या नीट वाचल्या तर त्यांत एका उद्योगातील मालक आणि कलावंत यांच्या संबंधांचा इतिहास सापडतो. त्यासाठी आम्ही येथे एकाच वृंदाची हकीकत सांगणार आहोत. २००३ साली तो पाच जणांचा म्हणून उभा राहिला, २०११ पासून तो दोघांचा आहे. त्याचे नाव 'डोंगबांग शिन्की'.

नावापासूनच सुरुवात केली पाहिजे, कारण पुढील सारा कलह अखेर नावापाशीच येऊन थांबतो. हे नाव चार चिनी अक्षरांचे आहे. 'पूर्वेकडून उदय पावणारे देव' असा त्याचा साधारण अर्थ. कोरियन माणूस ती अक्षरे 'डोंगबांग शिन्की' अशी वाचतो, जपानी माणूस 'तोहोशिन्की' अशी. पाश्चात्त्यांसाठी 'टीव्हीएक्सक्यू' हे संक्षिप्त रूप आहे. तीन देशांच्या बाजारपेठांत एकाच लेखनाने चालेल असे नाव निवडण्यामागे एस. एम. एंटरटेनमेंट ह्या कंपनीचा दूरवरचा विचार होता. पाचही गायकांची नावेही अशीच जोडनावे होती : हीरो जेजुंग, यू-नो युनहो, मिकी यूचुन, शिया जुन्सू, मॅक्स चांगमिन. नावाचा मागचा भाग घरचा, पुढचा मंचासाठी घेतलेला. २६ डिसेंबर २००३ रोजी हे पाच जण प्रथम लोकांसमोर आले आणि जानेवारी २००४ मध्ये 'हग' हे त्यांचे पहिले गाणे प्रसिद्ध झाले. त्यावेळी सर्वांत धाकटे चांगमिन १५ वर्षांचे होते, बाकीचे चौघे १७ वर्षांचे.

कंपनीला वृंद घडवण्याचे काम नवे नव्हते. एकेकाळी स्वतः गायक असलेल्या ली सू-मान यांनी १९९५ साली ती स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी 'एच.ओ.टी.' हा पाच मुलांचा वृंद काढला. कोरियातील आजच्या वृंदपद्धतीचा आदिनमुना तोच. बॉय बँड असे म्हटले जाते खरे, पण ह्या मुलांच्या हातांत वाद्ये नसतात. ती गातात आणि नाचतात. कंपनी त्यांना शाळकरी वयात निवडते, गाणे, नाच आणि परकीय भाषा शिकवते, राहण्याजेवण्याची सोय करते, आणि कित्येक वर्षांच्या तालमीनंतर त्यांतील काहींना मंचावर आणते. बाकीची मुले घरी परततात. यशस्वी झालेल्या पाच जणांच्या कमाईतून यशस्वी न झालेल्या पन्नास जणांचा खर्च भरून काढावा लागतो, ही कंपनीची बाजू असते. आणि ती अगदीच खोटी नव्हे. दीर्घ मुदतीच्या करारांचा जन्म ह्या हिशेबातून झाला.

ह्या हिशेबाची दुसरी बाजू २००१ साली दिसली. एच.ओ.टी. कीर्तीच्या शिखरावर असताना करार पुढे चालू ठेवण्याच्या अटींवरून फूट पडली आणि मे २००१ मध्ये वृंद मोडला. मून ही-जुन आणि कांगता हे दोघे कंपनीत राहिले. तिघे बाहेर पडले. त्या तिघांनी नवा वृंद काढला, त्याचे नाव 'जेटीएल'. हे नाव म्हणजे जांग वू-ह्योक, टोनी आन आणि ली जे-वोन यांच्या नावांतील इंग्रजी आद्याक्षरे, दुसरे काही नाही. जुने नाव त्यांच्यापाशी नव्हते. तीन विरुद्ध दोन ही फूट आणि आद्याक्षरांचे हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. नऊ वर्षांनी दोन्ही गोष्टी जशाच्या तशा पुन्हा घडल्या.

डोंगबांग शिन्कीच्या पहिल्या पाच वर्षांचा वृत्तान्त यशाचा आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. कोरियात त्यांना लगेच नाव मिळाले. जपानात मात्र एप्रिल २००५ मध्ये त्यांनी जवळजवळ शून्यापासून आरंभ केला : भाषा शिकले, लहान सभागृहांत गायले, एकामागून एक गाणी प्रसिद्ध करत राहिले. जपानच्या ओरिकॉन यादीत पहिला क्रमांक मिळण्यास जानेवारी २००८ उजाडला. 'पर्पल लाइन' हे त्यांचे तेथील सोळावे प्रकाशन होते. त्याच वर्षी सप्टेंबरात कोरियात 'मिरोटिक' हा त्यांचा चौथा अल्बम आला आणि त्याच्या ५ लाखांवर प्रती खपल्या. ३१ डिसेंबर २००८ च्या रात्री, जपानातील घरोघरी पाहिल्या जाणाऱ्या एनएचकेच्या वर्षाखेरीच्या गानस्पर्धेत त्यांना स्थान मिळाले. ४ आणि ५ जुलै २००९ रोजी ते टोकियो डोममध्ये गायले.

त्यानंतर २६ दिवसांनी, ३१ जुलै २००९ रोजी, जेजुंग, यूचुन आणि जुन्सू यांनी सोलच्या मध्यवर्ती जिल्हा न्यायालयात अर्ज केला. कंपनीशी झालेल्या कराराची अंमलबजावणी थांबवावी, अशी त्यांची मागणी होती. करार १३ वर्षांचा होता. कोरियातील पुरुषांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. तिचा काळ ह्या तेरा वर्षांत धरलेला नव्हता. ती मिळवली म्हणजे मुदत पंधरा वर्षांच्या घरात जाते. ज्याने पंधराव्या वर्षी मंचावर पाय ठेवला तो तिशीच्या उंबरठ्यावर मोकळा होणार. मध्येच करार मोडणाऱ्याने कंपनीच्या एकूण गुंतवणुकीच्या तिप्पट आणि उरलेल्या काळातील अपेक्षित नफ्याच्या दुप्पट रक्कम भरून द्यावी, अशीही अट होती. मूळ करारानुसार एका अल्बमच्या ५ लाख प्रती खपल्या तरच पुढच्या अल्बमच्या वेळी प्रत्येकास १ कोटी वॉन मिळत, एरवी अल्बमच्या विक्रीतून काही नाही, असे तिघांच्या वतीने सांगण्यात आले. कंपनीने ह्याला उत्तर दिले. पाच जणांना तोवर मिळून १,१०० कोटी वॉन दिले आहेत, करारात वेळोवेळी सुधारणा झाल्या आहेत, आणि ह्या भांडणाचे खरे मूळ तिघांनी एका सौंदर्यप्रसाधनांच्या व्यवसायात गुंतवलेल्या पैशांत आहे, असे तिचे म्हणणे होते.

न्यायालयाने २७ ऑक्टोबर २००९ रोजी तिघांचा अर्ज बव्हंशी मान्य केला. मुदत अवाजवी लांब आहे, भरपाईची अट जाचक आहे, आणि कंपनीच्या तुलनेत दुबळ्या असलेल्या पक्षाचे आर्थिक स्वातंत्र्य अशा कराराने हिरावले जाते, असा त्या निर्णयाचा आशय होता. येथे एक योगायोग नोंदवावयास हवा. त्याच जुलै महिन्यात कोरियाच्या न्याय्य व्यापार आयोगाने कलावंतांसाठी आदर्श करारनामा प्रसिद्ध केला होता आणि त्यात सात वर्षांची मर्यादा घातली होती. म्हणजे तेरा वर्षे हा आकडा केवळ तीन तरुणांना खुपत नव्हता. त्याविषयीची अस्वस्थता शासनापर्यंत पोहोचलेली होती. पुढे कोरियन वृंदांच्या चरित्रांत सातवे वर्ष हे संकटाचे वर्ष मानले जाऊ लागले. त्याचे कारण ज्योतिषात शोधावयास नको, ते ह्या करारनाम्यात आहे.

खटला चालू असतानाच, ३१ डिसेंबर २००९ रोजी, हे पाचही जण एनएचकेच्या त्याच कार्यक्रमात एकत्र गायले. दोघे एका बाजूचे, तिघे दुसऱ्या बाजूचे; गाणे मात्र पाच स्वरांसाठी रचलेले. त्यानंतर ते पाच जण कोणत्याही मंचावर एकत्र आलेले नाहीत.

पुढची कथा दोन वाटांनी जाते. एप्रिल २०१० मध्ये जपानातील त्यांच्या प्रकाशन कंपनीने वृंदाचे काम थांबवल्याचे जाहीर केले. बाहेर पडलेल्या तिघांनी नवा वृंद काढला. त्याचे नाव 'जेवायजे' : जेजुंग, यूचुन, जुन्सू. जेटीएलप्रमाणे पुन्हा आद्याक्षरे. ज्यांच्यापाशी नाव उरत नाही त्यांना आपल्या जन्मनावांची अक्षरे तेवढी वापरता येतात, असा ह्या दोन उदाहरणांचा अर्थ आम्ही लावतो. जोडनावांचा पुढचा भागही मागेच राहिला. जुन्सूंनी मात्र त्यांतला आपला तुकडा जपला. २०१२ पासून त्यांचे एकल अल्बम 'शिया' ह्या नावाने निघाले.

युनहो आणि चांगमिन हे दोघे कंपनीत राहिले. जानेवारी २०११ मध्ये त्यांनी 'कीप युअर हेड डाऊन' हा अल्बम डोंगबांग शिन्की ह्याच नावाने प्रसिद्ध केला. तिघांचे हाल सांगणे सोपे आहे. दोघांची अडचण सहसा सांगितली जात नाही. पाच स्वरांत वाटून दिलेली जुनी गाणी त्यांना दोन स्वरांत गावी लागली, पाच जणांसाठी बसवलेला नाच दोघांत करावा लागला, आणि अर्ध्या चाहत्यांच्या दृष्टीने ते नाव बळकावणारे ठरले. तरीही त्यांनी ते नाव पेलले, हे मान्य करावे लागेल. ऑगस्ट २०१३ मध्ये ते योकोहामाच्या निस्सान स्टेडियममध्ये गायले. २०१५ मध्ये दोघेही लष्करी सेवेत गेले, २०१७ मध्ये परतले, आणि जून २०१८ मध्ये त्याच स्टेडियममध्ये सलग तीन दिवस त्यांचे कार्यक्रम झाले. आकड्यांत मोजले तर दोघांच्या वृंदाने जपानात पाचांच्या वृंदापेक्षा मोठी सभागृहे भरली.

तिघांच्या वाट्याला आलेली गोष्ट अधिक विचित्र होती. न्यायालयाने त्यांना मोकळे केले होते, पण दूरचित्रवाणीच्या संगीत कार्यक्रमांत ते दिसेनात. नाट्यमालिकांत मात्र दिसत. यूचुन यांनी २०१० मध्ये केबीएस वाहिनीच्या 'सुंगक्युनग्वान स्कँडल' ह्या मालिकेत प्रमुख भूमिका केली, पुढील वर्षी जेजुंग एसबीएसच्या मालिकेत आले. म्हणजे नट म्हणून वाहिनीचे दार उघडे आणि गायक म्हणून बंद. कोणा वाहिनीने लेखी बंदी घातली नव्हती. मोठ्या कंपनीचे इतर वृंद आपल्या कार्यक्रमांतून नाहीसे होतील, एवढी भीती पुरेशी होती. अशी बंदी न्यायालयात सिद्ध करणे किती कठीण असते हे वेगळे सांगावयास नको. जुन्सूंनी ह्या बंद दाराला वळसा घातला. जानेवारी २०१० मध्ये ते 'मोझार्ट' ह्या संगीतिकेत उभे राहिले, पुढे 'एलिझाबेथ', 'ड्रॅक्युला' अशी भूमिकांची मालिकाच झाली. कोरियन संगीतिकेच्या प्रेक्षागृहात तरुण वृंदांचा चाहता वर्ग आणणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. रंगभूमीला हा लाभ दूरचित्रवाणीच्या अनुदारपणामुळे झाला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

२८ नोव्हेंबर २०१२ रोजी कंपनी आणि तिघे यांच्यात न्यायालयाच्या मध्यस्थीने तडजोड झाली. करार ३१ जुलै २००९ पासूनच संपला असे उभयतांनी मान्य केले आणि एकमेकांच्या कामात आडकाठी न करण्याचे ठरवले. तरीही वाहिन्यांचे वर्तन बदलले नाही. जुलै २०१३ मध्ये न्याय्य व्यापार आयोगाने कंपनीला आणि मनोरंजन व्यवसायाच्या एका संघटनेला तिघांच्या कामात अडथळा आणू नये, असा आदेश दिला. सप्टेंबर २०१४ मध्ये इंचॉन येथील आशियाई क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनाला जेवायजे गायले. म्हणजे देशाच्या वतीने जगापुढे गाण्यास ते योग्य होते, स्वदेशातील साप्ताहिक संगीत कार्यक्रमास नव्हते. एप्रिल २०१५ मध्ये जुन्सू ईबीएस ह्या शैक्षणिक वाहिनीवर गायले, तेव्हा कोरियन दूरचित्रवाणीच्या संगीत कार्यक्रमात ते सुमारे सहा वर्षांनी दिसत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात प्रसारण कायद्यात दुरुस्ती झाली. तिसऱ्या पक्षाच्या दडपणामुळे किंवा विनंतीमुळे कलावंतास कार्यक्रमातून वगळण्यास तिने वाहिन्यांना मनाई केली. ह्या दुरुस्तीला लोक 'जेवायजे कायदा' म्हणतात. आद्याक्षरांचे ते उसने नाव असे कायद्याच्या बोलीत जाऊन बसले.

चाहत्यांविषयी लिहिल्यावाचून हा इतिहास पुरा होत नाही. ह्या वृंदाच्या चाहत्यांच्या संघाचे नाव 'कॅसिओपिया'. ज्या तारकासमूहास आपण शर्मिष्ठा म्हणतो तोच हा; त्याचे ठळक तारे पाच. पाच गायकांचे प्रतीक म्हणून ते निवडलेले होते. फूट पडली तेव्हा त्यांनी केवळ अश्रू ढाळले नाहीत. ऑगस्ट २००९ मध्ये सुमारे १ लाख २० हजार सह्यांचे निवेदन त्यांनी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे दिले. दीर्घ मुदतीचे करार हा मानवी हक्कांचा प्रश्न आहे, असे त्या निवेदनाचे म्हणणे होते. त्याच कंपनीच्या 'सुपर ज्युनियर' ह्या वृंदाच्या चाहत्यांनी तर आदल्या वर्षी कंपनीचे ५८ हजारांहून अधिक शेअर विकत घेतले होते, एकूण भांडवलाच्या सुमारे ०.३ टक्के. हेतू एवढाच, की तेरा जणांच्या वृंदात चौदावा घेऊ नये. सदस्य बदलत राहतील आणि नाव कायम राहील अशीच त्या वृंदाची मूळ कल्पना होती. कंपनीच्या दृष्टीने नाव हा साचा होता. चाहत्यांच्या दृष्टीने ते तेरा विशिष्ट माणसांचे नाव होते. कंपनीनेच त्या माणसांवर जीव लावावयास शिकवले होते आणि तोच जीव आता तिच्या योजनेच्या आड येत होता.

डोंगबांग शिन्कीच्या बाबतीत मात्र हे प्रेमही दुभंगले. काही दोघांचे झाले, काही तिघांचे, आणि काहींनी पाच ही संख्या सोडली नाही. ह्या तिसऱ्या गटाची आम्हांला विशेष कणव येते. त्यांचा पक्ष घेणारे कोणी नव्हते. न दोघे, न तिघे, न कंपनी.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. नाव कोणाचे? कायद्याच्या भाषेत उत्तर सोपे आहे : ज्याच्याकडे त्या नावाच्या बोधचिन्हाची नोंदणी आहे त्याचे. १९९८ साली ह्याच कंपनीतून निघालेला 'शिनह्वा' हा सहा जणांचा वृंद २००३ मध्ये सहाही जणांसह बाहेर पडला, आणि पुढे एकही सदस्य न बदलता टिकला. तरीही नावासाठी त्यांना झगडावे लागले. ते पूर्णपणे त्यांच्या हाती आले २०१५ मध्ये. 'बीस्ट' ह्या वृंदाच्या पाच जणांनी २०१६ च्या अखेरीस आपली कंपनी सोडली तेव्हा नाव मागे राहिले आणि २०१७ मध्ये त्यांना 'हायलाइट' हे नवे नाव घ्यावे लागले. जुने नाव वापरण्याविषयी समझोता झाला तो २०२४ मध्ये. एच.ओ.टी.चे पाच जण सतरा वर्षांनी, ऑक्टोबर २०१८ मध्ये, सोलच्या ऑलिंपिक स्टेडियमवर पुन्हा एकत्र आले. तेव्हा बोधचिन्हाच्या वादामुळे कार्यक्रमाच्या शीर्षकात ती तीन अक्षरे न वापरता त्यांचा पूर्ण विस्तार लिहावा लागला. वृंदाचे नाव घेऊन ओरडणारे हजारो प्रेक्षक आणि ते नाव फलकावर लिहू न शकणारे गायक, असे ते दृश्य होते.

अलीकडे वारा थोडा फिरलेला दिसतो. 'गॉट सेव्हन'चे सातही जण २०२१ मध्ये बाहेर पडले तेव्हा नाव त्यांच्याबरोबर गेले. २०२३ मध्ये 'इन्फिनिट'च्या नेत्यास जुन्या कंपनीच्या प्रमुखाने वृंदाचे नाव वाढदिवसाची भेट म्हणून दिले. ही वार्ता सर्वत्र कौतुकाने सांगितली गेली. आम्हांलाही ती आवडली. पण भेट म्हणून मिळते ते हक्काचे नसते, हेही तिच्यातच दडलेले आहे. करार किती वर्षांचा असावा हे २००९ नंतर ठरले, कलावंताला वाहिनीवरून कोणी उतरवू नये हे २०१५ मध्ये ठरले. नावाविषयी मात्र असा सर्वांना लागू होणारा नियम झालेला नाही. ज्याची त्याची सौदेशक्ती आणि समोरच्याचा चांगुलपणा यांवरच ते अवलंबून आहे.

डोंगबांग शिन्कीला २०२३ मध्ये वीस वर्षे झाली. त्या निमित्ताने दोघांनी २६ डिसेंबर रोजी अल्बम काढला, त्याचे शीर्षक 'ट्वेंटी अँड टू' : वर्षे वीस, माणसे दोन. शीर्षकात पाच ह्या आकड्याला जागा नव्हती. यूचुन २०१९ मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यात दोषी ठरले आणि त्यांच्या कंपनीने त्यांच्याशी संबंध तोडला. त्यानंतर जेवायजे हा वृंदही केवळ नावापुरता उरला. जेजुंग आणि जुन्सू यांनी आपापल्या कंपन्या काढल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या दोघांनी सोलच्या ऑलिंपिक उद्यानातील मोठ्या सभागृहात तीन दिवस कार्यक्रम केला आणि पाचांच्या काळातील गाणी पुन्हा म्हटली. कार्यक्रमाचे शीर्षक होते 'आयडेंटिटी', म्हणजे ओळख. वृंदाचे नाव 'जेएक्स'. पुन्हा दोन आद्याक्षरे.

सोलमध्ये त्या तीन दिवसांत जी गाणी गायली गेली तीच गाणी दुसरे दोघे जुन्या नावाने अजूनही गातात. दोन्हीकडच्या श्रोत्यांत पंधरा-सोळा वर्षांपूर्वी निवेदनावर सही करणाऱ्या काही जणी असतील. त्या वेळी त्या शाळेत होत्या. आता नोकरी करतात, स्वतः करारपत्रांवर सह्या करतात. मुदत किती, भरपाई कोणाकडे, आणि आपण केलेल्या कामावर नाव कोणाचे, हे प्रश्न त्या आधी विचारत असतील, तर ते शिक्षण त्यांना एका बॉय बँडकडून मिळाले आहे, असे म्हणण्यास आम्हांला संकोच वाटत नाही.